सुखदुःखाची वजावट होत नाही

घरावर मोठं संकट येऊन गेलं की भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, देव एका हातानं नेतो, दुसऱ्या हातानं देतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्यालाही त्या घटकेपुरता धीर येतो, कारण कुठेतरी कुणीतरी हिशेब ठेवतंय आणि शेवटी तो जुळणार आहे, असं आश्वासन त्यात असतं. हे आश्वासन फार दिवस पुरत नाही. गेलेलं माणूस आणि त्याच वर्षी लागलेली नोकरी, खचलेली तब्येत आणि त्या आजारपणात भावाभावांत पुन्हा सुरू झालेलं बोलणं, अशा गोष्टी एकमेकींतून वजा करायला बसलं की काहीच जुळत नाही. जुळवण्याच्या नादात माणूस एक तर आपलं दुःख खोटं ठरवतो, नाहीतर चांगलं काही घडलं की त्याच्याकडे संशयानं पाहायला लागतो: आता याची किंमत केव्हा मोजावी लागणार?

माझं म्हणणं असं की कृपाही खरी आणि कष्टही खरे. दोन्ही पुरेपूर मोजावेत आणि एकातून दुसरं वजा करू नये. आयुष्याला काही आध्यात्मिक अर्थ आहे का, हा प्रश्न त्यानंतरच नीट विचारता येतो. मात्र हे नुसतं पटून भागत नाही. वजावट करण्याची मनाची सवय जुनी असते. ती मोडायला दुसरी सवय लावावी लागते.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतली ईयोबाची कथा या बाबतीत बारकाईनं वाचण्यासारखी आहे. ईयोबाचं सगळं जातं: ७,००० मेंढरं, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी, आणि ७ मुलगे व ३ मुली. शेवटी देव त्याला सारं दुपटीनं परत देतो, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. आकडे पाहावेत. मेंढरं १४,००० होतात, उंट ६,०००, बैलांच्या १,००० जोड्या, १,००० गाढवी. मुलं मात्र पुन्हा ७ आणि ३च. गुरं मोजून भरून देता येतात. मेलेली दहा मुलं नव्या दहांनी भरून निघाली, असं त्या कथेत कुणीच म्हणत नाही. उलट, देवानं दुप्पट दिलं या वाक्याच्या लगेच पुढे काय येतं? त्याचे भाऊबंद, बहिणी आणि जुने ओळखीचे घरी येतात, त्याच्याबरोबर जेवतात आणि त्याचं सांत्वन करतात. सगळं परत मिळू लागलेल्या माणसाचंही सांत्वन करावं लागतं. ज्यानं कुणी ही कथा रचली त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

मानसशास्त्रातला एक गाजलेला अभ्यास जवळजवळ नेहमी चुकीचा सांगितला जातो, तोही इथे उपयोगी आहे. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गटांना आपण किती सुखी आहोत हे ० ते ५ या मापावर सांगायला लावलं: मोठी लॉटरी लागलेले २२ जण, अपघातानं शरीर लुळं पडलेले २९ जण आणि सर्वसाधारण २२ जण. सरासरी आली अनुक्रमे ४.००, २.९६ आणि ३.८२. सांगणारे सांगतात की काही दिवसांनी सगळे सारखेच सुखी होतात. आकडे तसं म्हणत नाहीत. अपघात झालेली माणसं खरोखर कमी सुखी होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल तितकी मात्र नव्हती, मापाच्या मध्याच्या थोडी वरच होती. दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावते. लॉटरी लागलेल्यांना न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींत इतरांपेक्षा कमी गोडी वाटत होती. म्हणजे दुःख निवळतं पण पुसलं जात नाही, आणि मोठं सुख लहान सुखांना झाकून टाकतं. मनाच्या भरवशावर मोजमाप सोडता येत नाही, ते यासाठी.

शिवाय तोटा आपल्याला नफ्यापेक्षा जास्त लागतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९९२च्या लेखात पैशाच्या पैजांवरून हे प्रमाण सुमारे सव्वादोन पट काढलं होतं. पैजेचा आकडा आयुष्याला जसाच्या तसा लावू नये. मात्र दिवसभरात चार माणसं नीट बोलली आणि एक तुसडं बोललं, तर रात्री अंथरुणात कोण आठवतं, हे कुणालाही विचारून पाहावं.

म्हणून वही. साधी, रेघांची, पानाच्या मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे कष्ट, उजवीकडे कृपा, आणि खाली, या आठवड्यात माझ्याकडे काय मागितलं गेलं आणि मी काय दिलं यासाठी, दोन ओळींची मोकळी जागा. आठवड्यातून एकदाच बसायचं, ठरलेल्या दिवशी, वीस मिनिटं. रोज का नाही? कृतज्ञतेच्या नोंदींवर सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी केलेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज लिहिलं की तेच तेच उतरतं आणि हात चालतो तेव्हा मन दुसरीकडे असतं. प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त पाच नोंदी. याहून जास्त लिहिणारा माणूस बहुधा यादी करत असतो, आठवत नसतो.

डावी बाजू आधी भरायची. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी आभार मानून घेतले की दुःख लिहिताना लाज वाटते, हात आखडतो, आणि मग कृतज्ञता म्हणजे तोंड बंद करण्याचा सभ्य मार्ग होऊन बसतो. कष्ट मोकळेपणानं लिहून झाले की उजवीकडे जे येतं ते खरं असतं, कारण आता त्याला काही झाकायचं नसतं.

नोंद प्रसंगाची असावी, विषयाची नसावी. ‘आरोग्य’, ‘कुटुंब’, ‘आर्थिक ताण’ या नोंदी नव्हेत, ही मथळ्यांची नावं आहेत. समजा एखादी बाई अंथरुणाला खिळलेल्या, विसरभोळ्या होत चाललेल्या आईची सेवा करते आहे. तिच्या एका आठवड्याचं पान असं असू शकेल. डावीकडे: ‘सोमवारपासून चार रात्री तीन-तीनदा उठले, पाठ धरली.’ ‘बहिणीनं फोनवर विचारलं, अजून किती दिवस? उत्तर सुचलं नाही, राग आला.’ ‘गुरुवारी आईनं मला ओळखलं नाही.’ उजवीकडे: ‘शेजारीण दोन तास बसली, मी बाहेर जाऊन आले.’ ‘शनिवारी सलग पाच तास झोप.’ ‘अंघोळ घालताना आई गुणगुणली.’ खाली: ‘धीर मागितला गेला. चार दिवस दिला, एकदा ओरडले.’

आता या पानावर काय बिघडू शकतं ते पाहा. ‘आईनं ओळखलं नाही, पण गुणगुणते तरी’ असं एक वाक्य करण्याचा मोह जबरदस्त असतो. ते शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात त्यानं दोन्ही नोंदी मोडतात. लेकीला आईनं न ओळखणं ही पूर्ण, अखंड हानी आहे. तिला गुणगुणण्याचा उतारा लागत नाही. आणि ते गुणगुणणं हीदेखील स्वतःच्या पायावर उभी असलेली कृपा आहे. सांत्वनाचं साधन म्हणून वापरलं की पुढच्या वेळी ते ऐकू येणार नाही, कारण कान उपयोग शोधत असेल. म्हणून एकच नियम कडक पाळावा: रेघेच्या अलीकडची नोंद पलीकडच्या नोंदीला जोडायची नाही.

दुसरी बिघाडाची जागा डाव्या रकान्यातच असते. ‘मुलगा आठवडाभर बोलला नाही’ ही घटना. ‘कारण आई म्हणून मी हरले’ हा निवाडा. बुद्धाच्या उपदेशात दोन बाणांचा दृष्टान्त आहे: पहिला बाण वेदनेचा, तो शहाण्यालाही लागतो, दुसरा बाण त्या वेदनेवरच्या शोकाचा, संतापाचा, तो टाळता येतो. वहीत पहिलाच बाण लिहावा. दुसरा उमटलाच तर खोडू नये, कंस घालावा. काही आठवड्यांनी नुसते कंस वाचत गेलं की लक्षात येतं, निवाडे फिरून फिरून तेच असतात. घटना निरनिराळ्या असतात. जुनी जखम कोणती आणि या आठवड्याचा त्रास कोणता, हे तिथे सुटं होतं.

उजवा रकाना शिळा होतो तो वेगळ्या कारणानं. घर आहे, मुलं धड आहेत, हातपाय चालतात, हे पाचव्या आठवड्यालाही तसंच लिहिलं जातं आणि त्यातून काहीच वाटेनासं होतं. यावर चांगला उपाय आहे. मिन्क्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना आपला जोडीदार कसा भेटला ते लिहायला सांगितलं, तर काहींना तो कधी भेटलाच नसता असं कसं घडू शकलं असतं ते. दुसऱ्या गटाचं नात्यातलं समाधान जास्त वाढलं. तेव्हा महिन्यातून एकदा उजवीकडची एकच नोंद घ्यावी आणि ती न घडण्याच्या वाटा पाच-सहा ओळींत लिहाव्यात: ती गाडी चुकली असती तर, त्या दिवशी ताप असता तर, तिसऱ्याच कुणी आधी विचारलं असतं तर. इथे कृपा हा धूसर शब्द राहत नाही. किती बारीक धाग्यावर ती गोष्ट लटकत होती ते दिसतं, आणि त्यातले बहुतेक धागे आपल्या हातात नव्हते हेही दिसतं.

इतरांच्या दुःखाशी तुलना करून आभार मानू नयेत. ‘त्यांचं बघ, आपलं किती बरं’ यातली कृतज्ञता दुसऱ्याच्या पडण्यावर उभी असते. उद्या तो सावरला आणि आपण पडलो की ती जाते, आणि जाताना मत्सर ठेवून जाते.

डाव्या रकान्यातल्या ज्या नोंदी कुणाच्या तरी कृतीमुळे आहेत आणि थांबवता येण्यासारख्या आहेत, त्यांच्याभोवती गोल करावा. मारहाण, अपमान, बुडवलेले पैसे, राबवून घेणं. यांच्यासमोर कृपेची नोंद शोधत बसणं हा अध्यात्माचा गैरवापर आहे, आणि तो फार घरांत होतो. ‘भोग आहेत’ असं म्हणून सोसत राहिलेल्या माणसाला सगळे सोशिक म्हणतात आणि अन्याय करणारा सुखात राहतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात चौदाव्या श्लोकात सुखदुःख येतं-जातं, ते सोस, असं सांगितलं आहे. तिथे उदाहरण दिलं आहे ते थंडी आणि उन्हाळ्याचं, म्हणजे कुणाच्या हातात नसलेल्या गोष्टींचं. आणि तोच कृष्ण त्याच अर्जुनाला चारच श्लोकांनंतर सांगतो: म्हणून लढ. सोसणं आणि उठून उभं राहणं यांत कृष्णाला विरोध दिसला नाही. गोल केलेल्या नोंदीखाली त्या आठवड्यात उचलण्याचं एक पाऊल लिहावं: कुणाशी बोलायचं, कोणता कागद काढायचा, कुठे जायचं.

काही दुःखं मात्र रकान्यात मावत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे कागद घ्यावेत. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक घटनेबद्दल लिहिलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांच्या मानानं कमी राहिल्या. लिहून उठल्यावर लगेच मात्र त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. हे आधी माहीत असलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी माणूस घाबरून सोडतो. झोपायच्या आधी लिहू नये, नंतर तासभर मोकळा ठेवावा, आणि लिहिताना सोसेनासं झालं तर थांबावं. घटना अगदी ताजी असेल तर लिहिण्याचा आग्रहच नको. तेव्हा सोबत लागते. आणि सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन बसलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. ही श्रद्धेची कमतरता नव्हे. औषध आणि प्रार्थना एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

कोरडे काळ येतात. वही उघडवत नाही, उजवा रकाना रिकामा राहतो, प्रार्थनेत शब्द नुसते पडतात. या काळाबद्दल मला सर्वांत कामाचा सल्ला वाटतो तो सोळाव्या शतकातला ख्रिस्ती संत, लोयोलाचा इग्नेशियस, याचा. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या त्याचं लक्ष आपल्या मनाच्या चढउतारांकडे गेलं, आणि पुढे त्यानं त्याचे नियमच लिहून ठेवले. १५४८ साली ते छापून आले. त्यातला एक नियम असा: मन उजाड असताना मोठा निर्णय बदलू नये, आधी, प्रसन्न मनानं, जे ठरवलं होतं त्यालाच धरून राहावं. दुसरा तितकाच मोलाचा आणि जास्त दुर्लक्षित: मन भरलेलं असताना पुढच्या उजाड दिवसांचा विचार करून ठेवावा आणि त्यासाठी बळ साठवावं. वहीत याची सोय सहज होते. ज्या आठवड्यात उजवीकडे लिहायला जागा पुरत नाही, त्या आठवड्यात शेवटच्या पानावर स्वतःला चार ओळी लिहाव्यात: आज असं वाटतंय, हे खरं आहे, पुढे हे खोटं वाटेल तेव्हा वाच. रिकामा रकाना मात्र रिकामाच ठेवावा. ओढूनताणून भरलेला रकाना पुढे वाचताना लगेच ओळखू येतो आणि मग आसपासच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

दुसऱ्याचं पान आपण भरू नये. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. त्यांनी केलेली तेवढीच गोष्ट बरोबर होती. तोंड उघडलं तशी त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली: तुझ्या हातून काही पाप घडलं असेल. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. हे मित्र दुष्ट नव्हते. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ साली दाखवलं की डोळ्यांसमोर एखादीला विजेचे झटके बसताहेत (ते नाटक होतं, पाहणाऱ्यांना माहीत नव्हतं) आणि आपल्याला काही करता येत नाही, अशा वेळी पाहणारे त्या बाईलाच कमी लेखू लागतात. जग न्यायी आहे हा आपला विश्वास शाबूत राहावा म्हणून आपण दुःखी माणसाच्या गळ्यात दोष बांधतो. पूर्वजन्माचं कर्म म्हणून बांधतो, नकारात्मक विचारांचं फळ म्हणूनही बांधतो.

यावर कुणी म्हणेल, मग तुकोबांचं काय? १६३०च्या दुष्काळात त्यांची बायको अन्नावाचून गेली, दिवाळं निघालं, आणि तरीही झालं ते बरं झालं असं त्यांनी देवाला सांगितलं. खरं आहे. ते त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याबद्दल सांगितलं, मागे वळून, देवाशी बोलताना. शेजारच्या उपाशी घरात जाऊन ‘बरं झालं’ असं ते बोलले नाहीत. ज्याचं दुःख त्यानंच, त्याच्या वेळी, हे म्हणायचं असतं, आणि कधीच न म्हणण्याचीही त्याला मुभा असते. भेटायला जाणाऱ्यानं जेवणाचं पाहावं, फोन उचलावेत, मुलांना सांभाळावं, दोन आठवड्यांनी पुन्हा जावं. पहिल्या गर्दीनंतर घर मोकळं होतं तेव्हा जाणारे फार थोडे असतात.

दोन्ही रकाने बराच काळ प्रामाणिकपणे भरत गेलं की एक गोष्ट ठळक दिसू लागते. उजवीकडची बहुतेक नोंद आपण कमावलेली नसते, आणि डावीकडची बहुतेक नोंद ही शिक्षा नसते. बक्षीस आणि दंड या भाषेत आपण देवाशी बोलत आलेलो असतो; पानं ती भाषा बोलत नाहीत. हे पहिल्यांदा उमगतं तेव्हा थोडं भयही वाटतं, कारण चांगलं वागून सुरक्षित राहता येईल ही आशा हातून सुटते. त्याच वेळी एक ओझंही उतरतं: आपल्या मुलाच्या आजाराचं कारण आपलं पाप शोधत बसायला नको, आणि मिळालेल्या सुखाची लायकी सिद्ध करत बसायलाही नको. मग उरते ती खालची दोन ओळींची जागा: या आठवड्यात माझ्याकडे काय मागितलं गेलं, आणि मी काय दिलं. माझ्या मते अध्यात्म घडतं ते या जागेत. कष्टातही काही मागितलं जातं, कृपेतही. शेजारणीनं दिलेले दोन तास हेही एक मागणं असतं: हे कुणापर्यंत तरी पोचव. देव मानणारा या ओळी देवाला उद्देशून लिहील, न मानणारा नुसत्याच लिहील. वही दोघांचीही चालते. या ओळींत गुण देऊ नयेत, शपथा घेऊ नयेत. जे दिलं ते लिहावं, जे देता आलं नाही तेही.

वर्षातून एकदा सगळी पानं सलग वाचावीत, शक्यतो एका बैठकीत, हातात पेन न घेता. काही डाव्या नोंदींतून पुढे उजवीकडचं काही उगवलेलं दिसेल. तेव्हा जुनी नोंद खोडून पलीकडे नेऊ नये. ज्या दिवशी ती लिहिली त्या दिवशी ते दुःखच होतं. नवीन काय उगवलं ते आजच्या पानावर, आजची तारीख घालून, उजवीकडे लिहावं. काही उजव्या नोंदी वाचून गलबलून येईल, कारण ते माणूस, ते घर, ती तब्येत आता नाही. त्याही उजवीकडेच राहतात, नंतर झालेल्या हानीनं त्या खोट्या ठरत नाहीत. आणि काही डाव्या नोंदींतून काहीच उगवलेलं नसेल, दहा वर्षांनीसुद्धा. त्यांच्यासमोरची जागा कोरी ठेवावी, आणि त्या वर्षी पुन्हा लिहावंसं वाटलं तर डावीकडेच पुन्हा लिहावं.